बुद्धीचे राज्य आणि यादीबाहेरची माणसे

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. बोलताना जिथे विस्कळीत झाले तिथे थोडे सावरून लिहिले आहे.)



समितीने मला विषय दिला, 'विचारांनी समाज आणि राज्यकारभार कसा बदलला'. मी काही प्राध्यापक नाही. नववी नापास माणूस, रिंग खात्यात साचे चालवत आयुष्य गेलं. जे काही वाचलं ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर, झोप डोळ्यांवर असताना वाचलं. त्यामुळे नावांचे उच्चार इकडेतिकडे झाले तर पदरात घ्या. परवा आमच्या चाळीतल्या एका मावशीने विचारले, "भाऊ, बोलणार कशावर?" मी म्हटले, फ्रान्स देशावर, अडीचशे वर्षांपूर्वीच्या. ती म्हणाली, "मग आपलं काय त्यात?" प्रश्न बरोबर आहे. ते ध्यानात ठेवूनच मी बोलतो.

अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपातला माणूस कसा जगत होता, ते आधी बघू. राजा देवाच्या इच्छेने गादीवर बसतो, ही त्या काळची शिकवण. म्हणजे राजाला जाब विचारणे हे पाप. फ्रान्समध्ये समाजाचे तीन थर होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. मुख्य कर भरायचा तो तिसऱ्या थराने, वरचे दोन थर त्यातून जवळजवळ सुटलेले. पुस्तक छापायचे तर सरकारची परवानगी. आणि राजाचा जो धर्मपंथ, कॅथॉलिक, तोच प्रजेचा. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने प्रॉटेस्टंट पंथाला दिलेले हक्क काढून घेतले. ख्रिश्चन तेही आणि हेही, पण प्रॉटेस्टंटांचे लग्न कायद्याने लग्न नाही, त्यांची मुले कायद्याने औरस नाहीत, कित्येक धंद्यांची दारे बंद. आपल्या मंडळींना हे फार समजावून सांगायला नको.

अशा काळात काही माणसे म्हणू लागली की, जे सांगितले जाते ते तपासून घेऊ. न्यूटनने १६८७ मध्ये दाखवून दिले की झाडावरून पडणारे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने चालतात. मग लोकांच्या मनात आले, आकाशाला नियम आहे तर राज्यालाही नियम का नको? इंग्लंडच्या जॉन लॉकने १६८९ मध्ये मांडले की सरकार हे लोकांच्या संमतीने चालते. माणसाचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठी ते नेमलेले असते. त्याने विश्वासघात केला तर त्याला काढण्याचा हक्क लोकांना आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८४ मध्ये एका छोट्या लेखात सगळे नेमके मांडले. त्याचा आशय असा की, माणूस अज्ञान मुलासारखा राहतो तो अक्कल नसते म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्याला न विचारता वापरायची हिंमत नसते म्हणून. माझ्यासाठी पुस्तक विचार करते, माझ्यासाठी पुरोहित पाप-पुण्य ठरवतो, मग मी कशाला त्रास घेऊ, ही ती वृत्ती. आपल्यापैकी ज्यांनी कालाम सुत्त ऐकले आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. पण तुलना करत बसलो तर वेळ जाईल, आणि मला एका कापडवाल्याची गोष्ट सांगायची आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये तुलूज नावाचे शहर आहे. तिथे झाँ कालास नावाचा कापडाचा व्यापारी होता. प्रॉटेस्टंट. वय साठीच्या पुढे. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. त्याचा थोरला मुलगा कायदा शिकलेला. पण वकिली करायला कॅथॉलिक असल्याचा दाखला लागायचा. दाखला मिळेना, त्यामुळे वकिली नाही. बापाच्या दुकानात बसणे त्याच्या मनात नव्हते. पोरगा कुढत असे. १३ ऑक्टोबर १७६१ च्या रात्री, घरात जेवणे झाल्यावर, तो खाली दुकानात मेलेला सापडला. गळफास.

त्या काळी आत्महत्या करणाऱ्याचे प्रेत रस्त्यातून फरफटत नेऊन विटंबना करीत. म्हणून घरच्यांनी आधी सांगितले, कुणीतरी मारले. मागाहून खरे सांगितले की त्याने फास घेतला. तेवढ्यात दाराशी गर्दी जमली होती आणि गर्दीतून कुणीतरी ओरडले की, पोरगा कॅथॉलिक होणार होता म्हणून बापानेच मारला. कोण ओरडले ते कधी कळले नाही. पण तेवढे एक वाक्य पुरले. सगळे घर कैदेत गेले. चर्चमधून जाहीर आवाहन झाले की, ज्याला काही माहीत असेल, ऐकीव का असेना, त्याने येऊन सांगावे. आता ऐकीव काय, हवे तेवढे मिळते! पोराचा दफनविधी कॅथॉलिक हुतात्मा म्हणून थाटामाटात झाला. पोरगा कॅथॉलिक होणार होता याला पुरावा काय, हे कुणी विचारले नाही. घरातली म्हातारी मोलकरीण स्वतः कॅथॉलिक होती आणि ती शेवटपर्यंत मालकाच्या बाजूनेच बोलली. तिचे ऐकले नाही. साठीतला म्हातारा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या धडधाकट मुलाला एकटा टांगेल कसा, हेही कुणाच्या डोक्यात आले नाही.

तेरापैकी आठ न्यायाधीशांनी मरणाची शिक्षा दिली. १० मार्च १७६२ रोजी कालासला आधी कबुलीसाठी यातना दिल्या, मग चौकात आणून हाडे मोडली, चाकाला बांधून ठेवले आणि शेवटी गळा आवळून प्रेत जाळले. म्हातारा शेवटपर्यंत म्हणत राहिला, मी निर्दोष आहे. मुलींना मठात टाकले, एका मुलाला हद्दपारीची शिक्षा झाली.

ही बातमी व्हॉल्टेअरकडे पोहोचली. सदुसष्ट वर्षांचा प्रसिद्ध लेखक, पैसेवाला, सीमेजवळ सुरक्षित जागी राहणारा. त्याला काही गरज नव्हती. पहिल्यांदा तर त्यालाही वाटले की बापाने मारलेच असेल. इथे मला तो माणूस आवडतो. ऐकीव गोष्टीवर तोही क्षणभर विसंबला होता, पण थांबला नाही. कालासचा धाकटा मुलगा पळून जिनिव्हाला आला होता, त्याला बोलावून त्याने खोदून खोदून विचारले. कागद मागवले. पटल्यावर मात्र हात धुऊन मागे लागला. मंत्र्यांना पत्रे, वकिलांना पत्रे, सरदारांच्या बायकांना पत्रे, विधवेला पॅरिसला पाठवण्याचा खर्च. १७६३ मध्ये सहिष्णुतेवर पुस्तक लिहिले. पुराव्याची त्या न्यायालयातली मोजणी, अर्धा पुरावा, पाव पुरावा, अर्धपाव पुरावा, चार ऐकीव गोष्टी मिळून एक पक्का पुरावा, ह्याची त्याने अशी काही टर उडवली की साऱ्या युरोपला लाज वाटावी. ९ मार्च १७६५ रोजी पॅरिसच्या न्यायाधीशांनी एकमताने कालासला निर्दोष ठरवले. माणूस मेल्याला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. राजाने कुटुंबाला छत्तीस हजार फ्रेंच नाणी दिली.

आता एक माझी गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण इतरांच्या चुका मोजून स्वतःची लपवणे बरे नाही. पंचविशीत होतो, मीही तेव्हा कायम झालो नव्हतो. आमच्या खात्यात एक बदली कामगार होता, पोरगेलासा, नुकताच गावाकडून आलेला. एके दिवशी गेटवर बोभाटा झाला की सुताचा गठ्ठा गेला आणि तो त्यानेच नेला. कुणी पाहिलं? कुणीच नाही. 'म्हणतात' एवढाच पुरावा. ती सगळी पाळी तो माझ्या शेजारच्या साच्यावर होता, जेवायलासुद्धा आम्ही एकत्र बसलो होतो. चौकशीत विचारले, याच्या बाजूने कुणाला सांगायचे आहे काय? मी मान खाली घातली. कायम व्हायचे होते ना! पोराला काढून टाकले. दोन महिन्यांनी तो गठ्ठा गोदामाच्याच हिशेबात निघाला. पोरगा परत आला नाही. कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. त्याला जात नव्हती असे नाही. होती, आणि गेटवरच्या बोभाट्याला तिचाही हातभार होता. पण मी तर त्याच्याच जातीचा होतो. व्हॉल्टेअरची गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

असो. कालास प्रकरणानंतर काय घडले ते बघा. १७६४ मध्ये मिलान शहरातल्या बेकारिया नावाच्या पंचविशीतल्या तरुणाने गुन्हा आणि शिक्षा यावर लहानसे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे साधे होते. यातना दिल्या की दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराधी कबूल होतो. शिक्षा सूडासाठी नसावी, गुन्ह्याच्या मापात असावी, आणि कायद्यात आधीच लिहिलेली असावी. टस्कनीच्या राज्याने १७८६ मध्ये मरणाची शिक्षाच काढून टाकली. फ्रान्समध्ये १७८० पासून कबुलीसाठी यातना देणे थांबत गेले आणि १७८७ मध्ये प्रॉटेस्टंटांचे लग्न, जन्म, मृत्यू सरकारदप्तरी नोंदवण्याची सोय झाली. आपल्या संविधानाचे कलम २०, पोटकलम ३ उघडा. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, असे त्याचे सांगणे आहे. मावशीने विचारले होते ना, आपलं काय त्यात? हे आहे त्यात. उद्या कुणाच्या पोराला चौकीत बसवून 'कबूल हो' म्हणून दमदाटी झाली, तर ते कलम कामाला येते. नुसते छापलेले असून येत नाही, त्यासाठी कुणीतरी चौकीत जाऊन ते बोलावे लागते.

आता कामगार म्हणून मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो दिदरो. चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. त्याने आणि दालाँबेर या गणितज्ञाने मिळून ज्ञानकोश काढला. १७५१ ला सुरुवात, शेवटचे खंड १७७२ मध्ये. मजकुराचे सतरा खंड आणि चित्रांचे अकरा. यात नवल ते काय, तुम्ही म्हणाल. नवल असे की, तोवर विद्या म्हणजे धर्मशास्त्र, लॅटिन, तर्क. हाताने काम करणारा माणूस विद्येच्या घरात उंबऱ्याबाहेर. दिदरोने कारागिरांचे धंदे धर्मशास्त्राच्या पंक्तीला आणून बसवले. कारखान्यात जाऊन तो माणसांना विचारी, हे कसे करता? मोजे विणण्याच्या यंत्रावरचा लेख त्याने स्वतः लिहिला, त्याचा एकेक भाग समजून घेऊन. चित्रांच्या खंडांत विणकर, कागद करणारे, टाचण्या करणारे, काच फुंकणारे, सगळ्यांची अवजारे सुटी करून दाखवली आहेत. मी कधीतरी त्यातल्या विणकामाच्या चित्राची छापील नक्कल पाहिली. माग ओळखू आला! अडीचशे वर्षांपूर्वीचा, परक्या मुलखातला, पण धोटा तो धोटाच.

या कामाचा छळही तसाच झाला. दिदरोला आधीच एका पुस्तकासाठी १७४९ मध्ये तुरुंगात टाकले होते. १७५२ मध्ये कोशावर बंदी आली, १७५९ मध्ये परवाना रद्द झाला, पोपनेही निषेध केला. गंमत अशी की पुस्तकांवर देखरेख ठेवणारा जो सरकारी अधिकारी, मालझर्ब, त्यानेच जप्ती येणार म्हणून दिदरोला आधी कळवले आणि हस्तलिखिते आपल्याच घरी लपवली. म्हणजे खुर्चीत बसलेली सगळीच माणसे दगड नसतात. उलट ज्याच्यावर भरवसा टाकला, त्या छापखानेवाल्याने भीतीपोटी शेवटच्या खंडांतले धारदार मजकूर गुपचूप कापले. दिदरोला ते १७६४ मध्ये कळले. वीस वर्षांची मेहनत, आणि घरच्याच माणसाने कात्री लावली. चळवळीत काम केलेल्यांना वेगळे सांगायला नको.

राज्यकारभाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण विद्यार्थ्यांनी हे शाळेत वाचलेले आहे. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये लिहिले की कायदा करणारा, तो राबवणारा आणि निवाडा देणारा हे तिघे एकाच हातात गेले की स्वातंत्र्य संपले. रूसोने १७६२ मध्ये म्हटले की सार्वभौम सत्ता लोकांची. अमेरिकेने १७७६ मध्ये इंग्लंडच्या राजाला झुगारले, १७८७ मध्ये माँटेस्क्यूच्या धर्तीवर लेखी घटना केली. फ्रान्समध्ये १७८९ ला क्रांती झाली, २६ ऑगस्टला माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे कलम ५० मध्ये न्यायखाते सरकारी कारभारापासून वेगळे ठेवण्याची जी सूचना आहे, तिचे मूळ या विचारात आहे.

आता माझ्या भाषणाचा खरा मुद्दा. जाहीरनाम्यात 'माणूस' असे लिहिले. पण माणूस म्हणजे कोण?

अमेरिकेच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान म्हटले, आणि तो लिहिणारा जेफरसन शेकडो गुलामांचा मालक होता. स्वातंत्र्याचा आचार्य जॉन लॉक, त्याचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतवलेले होते. फ्रान्समध्ये ऑलिम्प द गूज नावाच्या बाईने १७९१ मध्ये विचारले, यात बाई कुठे आहे? तिने बायकांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहून काढला. १७९३ मध्ये तिचे डोके उडवले. फ्रान्समधल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडले. आपल्या बायाबापड्यांना तो पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मिळाला, हे आपण फार सहज घेतो.

कामगारांचे ऐका. १४ जून १७९१ रोजी, क्रांती ऐन भरात असताना, फ्रान्सच्या सभेने ल शापलिए नावाच्या सभासदाचा कायदा पास केला. कामगारांनी संघटना करायची नाही, मिळून मजुरी ठरवायची नाही. आणि कारण काय दिले? स्वातंत्र्य! प्रत्येक माणूस मोकळा, प्रत्येकाने मालकाशी एकट्याने बोलावे. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला रिकाम्या पोटाचा एकटा मजूर, आणि म्हणे दोघेही सारखेच मोकळे. फ्रान्समध्ये संपाला १८६४ पर्यंत आणि कामगार संघटनेला १८८४ पर्यंत कायद्याची मान्यता नव्हती. १८८४ हे साल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि गुलाम. आजचा हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत होता. उसाचे मळे आणि त्यावर आफ्रिकेतून आणलेले सुमारे पाच लाख गुलाम. जाहीरनामा निघाला तेव्हा मळेवाले म्हणाले, हे आमच्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलाम उठले. त्यांचा पुढारी तुसाँ लूव्हेर्तूर स्वतः गुलामीत जन्मलेला. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या सभेने गुलामी रद्द केली. त्या सभेत वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून बेले नावाचा माणूस बसला होता, काळा, एके काळचा गुलाम. हे पॅरिसच्या पंडितांनी आपणहून दिले नाही. तिकडे मळे पेटले होते म्हणून दिले. १८०२ मध्ये नेपोलियनने गुलामी परत आणली. तुसाँला फसवून पकडले, १८०३ मध्ये तो फ्रान्सच्या डोंगरातल्या थंडगार किल्ल्यात मेला. तरी १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने त्या गरीब देशाकडून नुकसानभरपाई मागितली, पंधरा कोटी फ्रँक. कुणाचे नुकसान? मळेवाल्यांचे! इंग्रजांनीही १८३३ मध्ये गुलामी बंद करताना मालकांना दोन कोटी पौंड मोजले, गुलामांना दमडी नाही.

तेव्हा काही जण म्हणतात, हे सगळे विचार म्हणजे ढोंग, गोऱ्यांचे गोऱ्यांसाठी. मला ते पटत नाही. लिहिणाऱ्यांनी आपल्या सोयीची यादी केली हे खरे. पण 'माणूस' हा शब्द लिहिला गेला आणि यादीबाहेरच्या माणसाने तो वाचला, किंवा कुणाकडून वाचून घेतला. मग तो म्हणाला, मीही माणूस, माझे नाव घाला. शब्द लिहिणाऱ्याच्या हातात राहिला नाही.

हा शब्द आपल्यापर्यंत कुणी आणला, ते आता सांगतो. थॉमस पेन. इंग्लंडमधला, जन्म १७३७, बायकांच्या काचोळ्या शिवणाऱ्याचा मुलगा, शाळा लवकर सुटलेली. काही काळ अबकारी खात्यात नोकरी. तिथे पगार तुटपुंजा म्हणून १७७२ मध्ये त्याने सगळ्या शिपाई-कारकुनांच्या वतीने पगारवाढीचे निवेदन लिहिले. पुढे १७७४ मध्ये नोकरी गेली. संघटनेचे काम केलेल्यांनो, हसू नका, मीही त्याच वाटेने गेलो आहे. त्याच वर्षी तो अमेरिकेला गेला आणि जानेवारी १७७६ मध्ये छोटी पुस्तिका लिहिली, साध्या माणसाला समजेल अशा भाषेत, की राजा कशाला हवा? ती हजारोंनी खपली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने स्वातंत्र्य पुकारले.

मग 'राइट्स ऑफ मॅन', म्हणजे माणसाचे हक्क, दोन भाग, १७९१ आणि १७९२. दुसऱ्या भागात त्याने हिशेबच मांडला आहे. श्रीमंतांवर चढता कर बसवा. गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाला पैसे द्या. पन्नाशी ओलांडलेल्या गरीब श्रमिकाला वर्षाला सहा पौंड, साठीनंतर दहा पौंड. आणि बजावून सांगितले की हे दान नव्हे, हक्क आहे. १७९२ मध्ये! आमच्यातल्या किती जणांनी पेन्शनच्या कागदासाठी चपला झिजवल्या आणि २०१४ मध्ये किमान पेन्शन दरमहा हजार रुपये ठरली तेव्हा तेवढ्यावरही समाधान मानले, ते तुम्ही जाणता. इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. फ्रान्समध्ये सभासद म्हणून निवडून आला, तर तिथे म्हणाला की राजपद मारा, पण राजा नावाच्या माणसाला मारू नका. ह्यापायी वैर ओढवले आणि १७९३ अखेरीस तिथेही तुरुंग. धर्मग्रंथ तपासणारे पुस्तक लिहिले म्हणून अमेरिकेनेही तोंड फिरवले. १८०९ मध्ये मेला तेव्हा मूठभर माणसे मातीला होती. पुढे एका चाहत्याने त्याची हाडे उकरून इंग्लंडला नेली आणि ती कुठे गेली ते कुणाला माहीत नाही.

पण पुस्तक पुण्याला पोहोचले होते. १८४७ च्या सुमारास विशीतल्या जोतीराव फुल्यांनी ते वाचले. १८४८ मध्ये मुलींची शाळा. १८७३ मध्ये 'गुलामगिरी', आणि ते पुस्तक अर्पण केले अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्याच साली सत्यशोधक समाज. आणि त्या समाजातले नारायण मेघाजी लोखंडे, मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर असलेले. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. बघा, फ्रान्सने संघटनेला कायदेशीर मानले तेच साल! पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साचे, आठवड्याची सुट्टी नाही, अशी ती गिरणी. लोखंड्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, सभेत बाया बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आज रविवार आहे. आपण सगळे इथे बसलो आहोत, मावशी, तुम्ही पण बसला आहात, ते या सुट्टीमुळे.

बाबासाहेबांनी हा धागा पुढे नेला. १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाचे बिल आले, संपावर बंधने घालणारे. बाबासाहेबांनी तिथे मांडले की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध मोठा संप झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या फ्रेंच कायद्याला हे सरळ उत्तर होते. पुढे संविधानात कलम १९ मध्ये संघटना करण्याचा हक्क आला, कलम १७ मध्ये अस्पृश्यता गेली, कलम २३ मध्ये वेठबिगारी गेली. यादीच बदलली.

एक गोष्ट मात्र तरुणांनी नीट लक्षात घ्यावी, कारण यावर आपल्यातच वाद होतात. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बाबासाहेब बोलले, की माझे तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांत आहे, पण हे शब्द मी फ्रेंच क्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, ते माझे गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहेत. म्हणजे युरोपातले वाचायचे नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांच्याइतके ते वाचलेला माणूस या देशात विरळा. मला जे समजले ते असे. फ्रान्सने स्वातंत्र्य म्हटले आणि कामगाराची संघटना मोडली; समता म्हटली आणि बाईचे डोके उडवले. तिथे तिसरा शब्द, बंधुता, नुसता भिंतीवर राहिला. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले ते हेच की, या तिघांची फारकत करता येणार नाही. आणि माणसाबद्दल मैत्री मनात उपजायची तर ती कायद्याच्या पुस्तकातून येणार नाही, ती कुठून आणायची हे त्यांनी १९५६ मध्ये नागपूरला दाखवले.

चौकशीत मी मान खाली घातली तेव्हा मला कायदा माहीत नव्हता असे नाही. युनियनचा सभासद होतो, हक्क पाठ होते. शेजारच्या साच्यावरच्या पोराबद्दल जे वाटायला हवे होते, ते भीतीपेक्षा कमी पडले. अजून त्याचा शोध घेतो. दोन-तीनदा त्याच्या तालुक्यात जाऊन आलो, पण नुसत्या नावावर माणूस सापडत नाही.

माझे बोलणे लांबले. विहाराच्या कपाटात संविधानाच्या मराठी प्रती आहेत. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपण कलम १२ पासून वाचायला बसणार आहोत, प्रत्येकाने एक कलम मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी शंका विचारायच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शंका विचारायला यावे. म्हाताऱ्या मंडळींनी चष्मा विसरू नये.